नुसते ‘श्रावण अमावास्या’ लिहू नका: सिंहस्थाचे फलक लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचे माहितीफलक, पुस्तिका, ॲपवरचा मजकूर आणि ध्वनिक्षेपकावरच्या सूचना ज्यांच्या हातून जाणार आहेत, ते सर्व अधिकारी, अभियंते, लेखक आणि मार्गदर्शक

महोदय, महोदया,

सिंहस्थाचा ध्वज ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी चढेल आणि २४ जुलै २०२८ रोजी उतरेल. रस्ते, घाट, पूल, पाणी, शौचालये यांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोलायलाच हवे. हे पत्र फक्त मजकुराबद्दल आहे. मोठ्या यात्रांच्या तयारीत मजकूर हे शेवटच्या आठवड्याचे काम समजले जाते. फ्लेक्सवाला फाइल मागतो, मग कुठून तरी चार ओळी उचलून द्यायच्या आणि मोकळे व्हायचे. पण परगावच्या यात्रेकरूला घाटाचे नाव, स्नानाचा दिवस आणि आपण इथे का आलो हे त्या चार ओळींतूनच कळते. त्या चुकल्या तर माणूस चुकीच्या दिवशी, चुकीच्या काठावर येतो.

सुरुवात तिथीपासून करतो, कारण सर्वांत मोठा घोळ तिथेच व्हायचा आहे.

जाहीर झालेली अमृतस्नाने अशी: पहिले सोमवार, २ ऑगस्ट २०२७, दुसरे मंगळवार, ३१ ऑगस्ट २०२७, तिसरे नाशिकला शनिवार, ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकेश्वरला रविवार, १२ सप्टेंबर २०२७. आपल्या पंचांगात पहिली आषाढ अमावास्या, दुसरी श्रावण अमावास्या, तिसरी भाद्रपद शुद्ध एकादशी आणि त्र्यंबकला वामन द्वादशी. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो आणि कृष्ण पक्ष पुढच्या महिन्यात मोजला जातो. त्यामुळे आपली आषाढ अमावास्या म्हणजे काशी-अयोध्येकडची श्रावण अमावास्या, आणि आपली श्रावण अमावास्या म्हणजे त्यांची भाद्रपद अमावास्या. आता हिंदी फलकावर नुसते ‘दूसरा अमृतस्नान: श्रावण अमावस्या’ असे भाषांतर करून टाकले, तर बिहारचा यात्रेकरू घरच्या पंचांगात पाहील आणि २ ऑगस्टला येईल. २९ दिवस आधी. त्या दिवशीही स्नान आहेच, म्हणून आपण चुकलो हे त्यालाही कळणार नाही आणि आपल्यालाही नाही. पहिल्या पर्वणीचा अंदाज मात्र कोलमडेल.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक फलकावर आधी वार, मग इंग्रजी तारीख, मग तिथी. हिंदी फलकावर तिथी त्यांच्या महिन्याच्या नावाने लिहावी आणि कंसात ‘महाराष्ट्र पंचांग: श्रावण’ असे द्यावे. शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही, म्हणून तिसऱ्या स्नानाला काळजी नाही. पण हाच सापळा त्र्यंबकच्या संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला आहे. आपली पौष वद्य एकादशी त्यांच्याकडे माघ कृष्ण एकादशी होते. महाशिवरात्रही आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली.

३१ ऑगस्टला सर्वांत जास्त गर्दी का, हेही एका ओळीत सांगता येते. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि गुरू तिघेही सिंह राशीत असतात. २ ऑगस्टला सूर्य अजून कर्केत असतो. ही ओळ फलकावर असेल, तर वृद्ध आई-वडिलांना घेऊन येणारा मुलगा स्वतःच ठरवू शकेल की मुख्य दिवस टाळायचा आणि आधी किंवा नंतर स्नान उरकायचे. त्याला ‘गर्दी टाळा’ म्हणण्यापेक्षा हे सांगणे जास्त उपयोगी. शिवाय २ ऑगस्टला दुपारनंतर सूर्यग्रहण आहे आणि पश्चिम भारतातून ते खंडग्रास दिसणारे आहे. सकाळी पर्वणीचे स्नान झालेली माणसे ग्रहण सुटल्यावरच्या स्नानासाठी संध्याकाळपर्यंत घाटाजवळच थांबतील. सकाळचा लोंढा दुपारी ओसरेल असे धरून आखलेले वेळापत्रक त्या दिवशी चालणार नाही. ग्रहणाच्या वेळा पंचांगकर्त्यांकडून घेऊन आधीपासून फलकावर असाव्यात.

‘सिंहस्थ दर बारा वर्षांनी’ हे वाक्यही अर्धेच सांगते. गुरूला राशिचक्राची फेरी पुरी करायला ११.८६ वर्षे लागतात आणि मध्ये तो वक्री होतो. या वेळी तो ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहेत येतो, जानेवारीत मागे कर्केत जातो, जूनच्या अखेरीस पुन्हा सिंहेत येतो, नोव्हेंबर २०२७ च्या अखेरीस कन्येत जातो, फेब्रुवारी २०२८ च्या शेवटी परत सिंहेत येतो आणि २४ जुलैला ती रास सोडतो. म्हणून हा सिंहस्थ त्रिखंडी, आणि म्हणून ध्वज इतके दिवस. ‘तेरा महिन्यांचा सिंहस्थ’ हे जुन्या पुस्तिकांतले वाक्य या वेळी उचलू नका. जूनच्या अखेरीचा प्रवेश आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. गुरू सिंहेत आला की आंध्र-तेलंगणात गोदावरीचा बारा दिवसांचा पुष्कर सुरू होतो, आणि पुष्कराला उगमाकडे येणारे तेलुगू यात्रेकरू अमृतस्नानाच्या महिनाभर आधीच त्र्यंबकला पोचतात. तेलुगूतले फलक ऑगस्टपर्यंत लांबवले, तर ते त्यांच्या काहीच उपयोगाचे नाहीत.

आता कथेकडे येतो. सिंहस्थाच्या बहुतेक मजकुरात समुद्रमंथन, अमृताचा कुंभ आणि चार ठिकाणी सांडलेले थेंब एवढेच असते. ती कथा हरिद्वारला, प्रयागला, उज्जैनला जशी सांगतात तशीच इथे सांगितली जाते. पण या भूमीची स्वतःची कथा दुसरी आहे, ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्याची, आणि ती बाजूला पडते याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. दुष्काळात गौतम ऋषींच्या शेतात धान्य पिकत होते. मत्सराने शेतात एक मायावी गाय सोडली गेली. गौतमांनी तिला हाकलायला दर्भाची काडी टाकली आणि गाय मेली. गोहत्येचे पाप धुवायला त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केले आणि शंकराच्या जटेतून गंगा उतरवली. ती डोंगरावर दिसायची आणि लुप्त व्हायची, म्हणून गौतमांनी तिला दर्भाचे वेढे देऊन अडवले. कुश म्हणजे दर्भ, आवर्त म्हणजे वेढा, ते कुशावर्त. ज्या दर्भाने गाय पडली, त्याच दर्भाने नदी थांबली. गाय गेली आणि गाय ‘देणारी’ नदी आली, म्हणून गोदावरी. गौतमांनी आणली म्हणून गौतमी. सत्तर शब्दांत ही कथा बसते, आणि त्र्यंबकच्या बसस्थानकापासून कुशावर्तापर्यंत चालताना पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ तिच्यातून लागतो.

या कथेचा व्यवहारात मोठा उपयोग आहे, तो आपण करून घ्यावा अशी आमची मुख्य विनंती आहे. अमृताच्या थेंबाची कथा माणसाला एका बिंदूकडे ओढते: थेंब जिथे पडला तिथेच बुडी. गौतमीची कथा मात्र नदीभर पसरलेली आहे. गौतमी माहात्म्यात काठावरच्या तीर्थामागून तीर्थाची महती येते. सिंहस्थाची परंपरागत श्रद्धाही अशी की गुरू सिंहेत असताना सगळी तीर्थे गोदावरीला येतात, आणि भागीरथीतल्या साठ हजार वर्षांच्या स्नानाचे पुण्य गोदावरीत एकदा स्नान करून मिळते. वचनात ‘गोदावरी’ आहे, एखाद्या कुंडाचे नाव नाही. हे वचन अर्थासह प्रत्येक वाहनतळावर आणि प्रत्येक लांबच्या घाटावर लिहा. तपोवनात कपिला-गोदावरी संगम आहे, टाकळीला नंदिनीचा संगम आणि समर्थ रामदासांची तपोभूमी आहे, त्र्यंबककडे चक्रतीर्थ आहे, जिथे लुप्त झालेली गोदा पुन्हा वाहती होते असे मानतात. हे सारे ‘पर्यायी घाट’ म्हणून सांगितले तर यात्रेकरूला वाटते आपल्याला दुय्यम जागी हाकलले. ‘संगमतीर्थ’ म्हणून कथेसह सांगितले तर तो आनंदाने थांबतो. शास्त्राचा आधार हाताशी असताना तो वापरायचा नाही आणि दांडक्याने माणसे वळवायची, हे बरोबर नाही.

२७ ऑगस्ट २००३ ची श्रावण अमावास्या इथे कोणी विसरलेले नाही. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक माणसे गेली. त्या उताराची रुंदी फलकाने वाढत नाही, पण तिथे उतरायलाच हवे असे मानणाऱ्यांची संख्या कमी करता येते.

दोन ठिकाणी दोन स्नाने का, हेही स्पष्ट लिहिलेले क्वचितच दिसते. वैष्णवांच्या तीन अनी, म्हणजे दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी, नाशिकला रामकुंडावर स्नान करतात. शैवांचे सात, उदासीनांचे दोन आणि निर्मल असे दहा आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर. नागा साधूंचे दर्शन घ्यायला आलेला माणूस पंचवटीत उभा राहून विचारत असतो. ही एक ओळ रेल्वे स्थानकावर हवी, नदीकाठी पोचल्यावर नव्हे. पंचवटीतून त्र्यंबक तीस किलोमीटरच्या आसपास आहे.

दाव्यांच्या बाबतीत एक शिस्त पाळावी. पंचवटी, सीतागुंफा, रामाने दशरथाचे श्राद्ध केले ते रामकुंड, शूर्पणखेच्या नासिकेवरून नाशिक: हे सगळे अभिमानाने सांगा, पण ‘परंपरेनुसार’ या शब्दासह. भद्राचलमजवळची पर्णशाळाही गोदावरीच्याच काठी रामाचा वनवास सांगते, आणि पुष्कराला येणारा तेलुगू यात्रेकरू तेच ऐकत मोठा झालेला असतो. अंजनेरीला हनुमंताचे जन्मस्थान मानतात. कर्नाटकात किष्किंधेजवळचे अंजनाद्री आणि तिरुमला इथलाही तोच दावा आहे. ‘हेच एकमेव’ असे लिहिले की फलकासमोर वाद होतो आणि रांग थांबते. परंपरा म्हणून सांगितलेली गोष्ट कोणाला खोडावीशी वाटत नाही. इतिहासाला मात्र सन द्या. त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ च्या सुमारास सुरू होऊन १७८६ मध्ये पुरे झाले. ज्योतिर्लिंग प्राचीन आणि मंदिर अठराव्या शतकातले, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ‘हजारो वर्षांपूर्वीचे मंदिर’ हे तिसरे वाक्य चूक आहे. काळारामाच्या फलकावर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि पाच वर्षे चाललेला मंदिरप्रवेश सत्याग्रह असलाच पाहिजे. तो त्या देवळाच्या इतिहासाचा भाग आहे आणि अनेकजण तेवढ्यासाठीच तिथे येतात.

आता लेण्यांबद्दल, आणि इथे थोडे सविस्तर लिहू द्यावे.

मुंबई महामार्गावरच्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. नाव रूढ आहे, ते खोडू नये, पण पांडवांशी त्यांचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात जमिनीतून अर्धे वर आलेले पुरुष खांद्यावर तुळया पेलताना दिसतात. त्यांना पांडव म्हणणाऱ्या मार्गदर्शकाने आधी मोजावे, ते सहा आहेत. याच लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी या राजमातेने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचे वर्णन कोरवून घेतले: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, ज्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला. त्याचा पुरावा गोदावरी-दारणा संगमावरच्या जोगलटेंभीत १९०६ साली सापडला. क्षहरात वंशातल्या नहपान राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, आणि त्यांतल्या दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला होता. लेण्यातला लेख आणि संगमावरची नाणी यांचा संबंध एका फलकावर दाखवा. शाळेच्या सहली त्यासमोर थांबतील.

पण यात्रेकरूसाठी खरा ठेवा दहाव्या लेण्यात आहे. तो म्हणजे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख. हा माणूस लेखात सांगतो की तो राजस्थानातल्या पुष्करला गेला, तिथे त्याने अभिषेक म्हणजे स्नान केले आणि तीन हजार गाई व एक गाव दान दिले. भरुकच्छ (भरूच), दशपूर (मंदसौर), नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे त्याने धर्मशाळा बांधल्या, आणि दमण, तापी, डहाणूच्या नद्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेवल्या. तीर्थस्नान, दान, निवारा, नदी ओलांडायची सोय: सिंहस्थाच्या निविदेत आज जे आहे तेच या भिंतीवर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरलेले आहे. देव-ब्राह्मणांना दान देणाऱ्या याच माणसाने हे लेणे बौद्ध संघाला दिले. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींत, म्हणजे व्यवसायसंघांत, त्याने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एकाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांवर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

आणि शेवटी तो लिहितो की हे सर्व निगमसभेत (नगरसभेत) ऐकवले गेले आणि रीतीप्रमाणे ‘फलकवारे’, म्हणजे फलकावर, नोंदवले गेले. आपण आज फलक हा शब्द वापरतो तो याच गोवर्धन-नाशिक परिसरातल्या कातळावर आहे. ही ओळ मूळ ब्राह्मी अक्षरांसह मोठी करून दाखवण्यासारखी आहे. मात्र लेणी संरक्षित स्मारक आहेत. फलक स्वतंत्र खांबावर, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने. कातळाला खिळा, तार, चिकटपट्टी काहीही लागू नये. हेच त्र्यंबकेश्वराच्या दगडी भिंतींना.

आता प्रत्यक्ष फलकांचे. कथेचा फलक अरुंद वाटेवर कधीही लावू नये. चार माणसे वाचायला थांबली की मागे चाळीस थांबतात. रामकुंडाच्या उतारावर आणि कुशावर्ताच्या बोळांत फक्त बाण आणि घाटाचे नाव असावे, फाट्याच्या अलीकडे, माणसांच्या डोक्यावरून दिसेल इतके उंच. खालची कडा अडीच मीटरवर ठेवा. दहा मीटरवरून वाचायचे तर मात्रा-उकार वगळून मूळ अक्षर पाच सेंटिमीटरपेक्षा लहान नको. जागेत बसवण्यासाठी छपाईवाले देवनागरी आडवी दाबतात, मग ‘घ’ आणि ‘ध’ दुरून सारखे दिसतात. मजकूर कापा, अक्षर दाबू नका. कथा आणि इतिहास वाहनतळ, निवारा-तंबू, रेल्वे फलाट अशा ठिकाणी हवेत, जिथे माणूस तसाही तासभर बसलेला असतो. तिथेही ऐंशी शब्दांपुढे कोणी वाचत नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि अनुस्वार एक अक्षर सरकतात, आणि ‘त्र्यंबकेश्वर’चे ‘त्र्यबंकेश्वर’ होते. गावाचे नावच चुकीचे छापले जाते आणि ते कमानीवर वर्षभर राहते. फ्लेक्सच्या आदल्या दिवशी पडद्यावर नव्हे, कागदावर छापून वाचा. तेलुगू व तमिळ फलकांवर तारखेचे आकडे देवनागरीत नकोत.

नदीपात्रातले फलक काढता येण्याजोगे हवेत. तिन्ही स्नाने पावसाळ्यात आहेत आणि गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की पात्रातले सगळे वाहून पुढच्या पुलाला अडकते. ध्वनिक्षेपकावर ‘इतके क्युसेक’ सांगून बाहेरच्याला काही समजत नाही. ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले’ हे नाशिककराला लगेच समजते, राजस्थानच्या माणसाला नाही. म्हणून गोदापात्रातल्या त्या मारुतीच्या मूर्तीशेजारीच तीन भाषांत लिहा की हिच्या पायाशी पाणी आले तर काय करायचे, कमरेला आले तर कोणत्या दिशेने वर चढायचे. आणि स्नानाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर माहात्म्य, सत्कार, नावे काही नको. घाटाचे नाव, बाहेर पडायची वाट, हरवलेल्यांचे केंद्र, एवढेच.

छपाईपूर्वी प्रत्येक मजकूर पंचांग जाणणाऱ्याने, कोरीव लेख वाचणाऱ्याने आणि त्या त्या भाषेच्या घरच्या वाचकाने पाहावा. मराठीवरून यंत्राने केलेले भाषांतर तपासल्याशिवाय लावू नये. चाचणीला दोन संधी आहेत. पहिली निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेची, २०२७ च्या सुरुवातीला, त्र्यंबकपुरती. दुसरी जूनअखेरच्या पुष्कराची, दोन्ही ठिकाणी. त्या दिवसांत प्रत्येक फाट्यावर एक कार्यकर्ता वही घेऊन उभा करा आणि फलक वाचल्यावरही वाट विचारणाऱ्यांची नोंद ठेवा. ज्या फलकाखाली जास्त विचारणा होईल, तो बदलायला पुष्कर संपल्यापासून २ ऑगस्टपर्यंत सुमारे चार आठवडे मिळतात.

आपले,
नाशिक-त्र्यंबक परिसराचा इतिहास, कोरीव लेख आणि यात्रापरंपरा यांचे अभ्यासक